मधली जागा

"लाल तार लाल भोकात घाला," नयनानं हळूच सांगितलं.

धवलनं मान डोलावली आणि काळ्या भोकात अडकवलेली तार बाहेर काढली. दुकानातून आलेला माणूस, पण त्याचे हात चाचपडत होते. नयना रोज फडक्यानं धूळ झटकायची, त्यामुळे कुठली तार कुठे जाते ते तिला पाठ होतं.

सुभानपुऱ्यातल्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, रविवारी भर दुपारी, होम थिएटरचा नवा रिसीव्हर बसत होता. जुना अजून धडधाकट होता. "आवाज मोठा केला की फाटतो," असं तिचे पती प्रतापराव म्हणायचे.

मोठा कधी करतात ते नयनाला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी होम थिएटर घरात आलं, तेव्हापासून मारायच्या आधी प्रतापराव लढाईचा सिनेमा लावत. तोफा सुरू झाल्या की कमरेचा पट्टा निघे. शेजारी फार तर बेल वाजवून आवाज कमी करायला सांगत. गेल्या महिन्यात प्रतापरावांनी तिचं डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी खालच्या दिनकररावांनी तिला जिन्यात थांबवलं.

"बेटा, कालचा आरडाओरडा सिनेमातलाच होता ना?"

"सिनेमातलाच, काका."

पण या मंगळवारी भाजी आणायला म्हणून ती बाहेर पडली आणि थेट घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या एसटीडी बूथवर गेली. पुण्याला भावाला फोन लावला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. सौमित्र म्हणाला, "ताई, आठ दिवस कळ काढ. मी करतो काहीतरी."

आज पाचवा दिवस. आणि आज प्रतापराव कमालीचे शांत होते. सकाळीच त्यांनी कामवाल्या विमलला सुट्टी देऊन टाकली. खिडक्या स्वतःच्या हातानं लावल्या. धवलनं दोनदा चुकीची तार जोडली, तरी ते खेकसले नाहीत. एरवी धंद्यातला ट्रक दहा मिनिटं उशिरा आला तरी ड्रायव्हरच्या कानाखाली वाजवणारा माणूस.

तार सोलताना धवलची सुरी सटकली. अंगठ्यातून भळाभळा रक्त आलं. नयना त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. जखमेवर हळद दाबली, जुन्या साडीची चिंधी फाडली. पट्टी बांधताना तिच्या ब्लाऊजची लांब बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत गोल, काळपट डाग.

"हे काय, बेन?"

"तेल उडालं."

"तेल असं ओळीत उडतं?" त्याची मराठी गुजराती वळणाची होती.

नयनानं गाठ मारली. "चहा टाकते. साखर किती घेता?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "मला असं कोणी विचारत नाही," तो म्हणाला. "दोन चमचे."

ती चहा घेऊन बाहेर आली. कप पुढे करताना बशीत थोडा सांडला. प्रतापरावांनी कप उचलला, तिचं मनगट धरलं आणि उरलेला चहा सावकाश तिच्या हातावर ओतला. तिनं दात ओठांत रुतवले, पण तोंडातून आवाज काढला नाही.

"कातडी जाड आहे," प्रतापराव हसत धवलला म्हणाले. "चालो, झालं का तुमचं?"

"झालं, साहेब. मागचे दोन स्पीकर तेवढे राहिले."

"नयना, तू इथे बस. सोफ्यावर, बरोबर मध्ये. खरा आवाज मधल्या जागेवरच कळतो."

ती बसली. हाताची आग होत होती. प्रतापराव खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत टेकले. उरलेली तार घेऊन धवल सोफ्यामागे गेला. प्रतापरावांनी रिमोट दाबला.

तोफा धडाडल्या. शोकेसमधले पेले किणकिणले, पायाखालची फरशी हादरली. नयनाचे खांदे सवयीनं कानांपर्यंत चढले. प्रतापरावांनी धवलकडे पाहून मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढच्याच क्षणी धवल सोफ्यामागून त्यांच्या खुर्चीमागे सरकला आणि तार त्यांच्या गळ्यात पडली.

धवलनं खुर्चीच्या पाठीला गुडघा लावला आणि मागे खेचलं. प्रतापरावांचे पाय हवेत उडाले. टाचेनं टीपॉयची काच फुटली, पोटरी चिरली, रक्ताची चिळकांडी नव्या रिसीव्हरच्या खोक्यावर गेली. त्यांची नखं गळ्यातल्या तारेखाली शिरू पाहत होती आणि स्वतःचीच कातडी ओरबाडत होती. डोळे बाहेर आले होते. त्या डोळ्यांत भीतीपेक्षा नवलच जास्त दिसत होतं. त्यांनी एक हात उचलून नयनाकडे बोट केलं. ओठ हलले. काय म्हणाले ते तोफांमध्ये बुडून गेलं.

मदत मागताहेत, नयनाला वाटलं. ती जागची हलली नाही. तिच्या किती हाका याच आवाजात बुडाल्या होत्या.

बोट खाली पडलं. जीभ बाहेर आली. रणगाडे जाऊन पडद्यावर धूर उरला, तोवर धवलनं तार सोडली नाही. मग त्यानं रिमोट उचलून आवाज बंद केला.

खाली कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. नयनाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपला श्वास ऐकू आला. ती उठली, प्रतापरावांच्या चेहऱ्याकडे न बघता धवलसमोर जाऊन उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तुम्हाला माझ्या भावानं पाठवलं ना? सौमित्रनं?"

धवल तार गुंडाळत होता. अंगठ्यावरची पट्टी रक्तानं भिजली होती.

"नाही, बेन. मी ओळखत नाही त्यांना."

"मग कोणी?"

त्यानं खुर्चीकडे पाहिलं.

"साहेबांनीच बोलावलं होतं," तो म्हणाला. "ही तार तुमच्यासाठी होती."