वाळंस्तवर

“टोचून झालं न्हवं? मग उठा की हकीमसाब! बसला कावून?”

भिवराबाई कमरंवर हात ठिवून दारात उभी. जमील हकीम वसरीत मांडी घालून बसला व्हता, मांडीवर तिचा आठ महिन्यांचा नातू. पोराच्या दंडावर सुईचे दोन ओरखडे, त्यावर देवीची लस. ओली. हकिमानं पोराचा हात सोडलाच न्हाई.

“वाळू द्या, आक्का. वाळंस्तवर मी उठत नसतो.”

“सरकारी माणूस तर टोचलं की पळायचा.”

“त्याला तुमी दगडं हाणली. म्हणून तर तहशिलीनं बाटली माझ्या हातात दिली. मला न्हाई हाणणार तुमी.”

“कोण म्हणतं? आज हाणीन!”

पर हाणती कशी? तिचा लेक लहानपणी ह्याच हकिमाच्या काढ्यावर वाचलता.

शेजारी आप्पारावाच्या दाराला कडूलिंबाचा डहाळा बांधलेला. तिथं देवी आलती. देवीआईला चालत न्हाई म्हणून चार दिवस सगळ्या आळीत कुणी फोडणी दिली नव्हती.

“आईच्या वाटंला जाऊ नका,” भिवराबाई म्हणली. “मागल्या साली रामहरीला बी तुमीच टोचलं. देवीनं न्हेलाच का न्हाई माझा थोरला नातू? काय उपेग झाला तुमच्या सुईचा?”

सालभर गाव हेच इचारत व्हतं, आन रोज नमाज झाल्यावर हकीम सोताला बी हेच इचारायचा.

पोराची आई चंद्रभागा जात्यापाशी बसलेली. सासूम्होरं ती कधी तोंड उघडत नव्हती. खाली बघूनच म्हणली,

“तुमीच धुतला रामहरीचा दंड, आत्याबाई. हकीमसाब येशीपस्तोर बी गेले नसतील, लस ओलीच व्हती. लिंबाच्या पाण्यानं धुतला, मग राखेनं घासला.”

हकिमानं मान वर केली. सुनंकडं बघितलं, मग सासूकडं.

भिवराबाई चौकट धरून खाली बसली.

“आई कोपू नये म्हणून धुतला गं,” ती म्हणली.

तेवढ्यात आप्पारावाचा गडी म्हाळू पळत आला. “हकीमसाब, चला! बारकीला श्वास घेता येईना!”

हकिमानं दंडाकडं बघितलं. लस अजून चकाकत व्हती. तो पोराला घेऊन उठला. चंद्रभागेनं झटक्यात दोन्ही हात म्होरं केले.

हकिमानं पोरगं भिवराबाईच्या मांडीवर ठिवलं.

चंद्रभागेचे हात तसेच राहिले. भिवराबाईनं एकदा सुनंकडं बघितलं. मग खांद्यावरचा पदर मागं सारला, पोराचा हात अंगापासून लांब धरला आन तसाच धरून बसली.

“किती वेळ?” तिनं इचारलं.

“वाळंस्तवर,” हकीम पायात जोडा घालत म्हणला. “मला आता जायाला पायजे.”