चाळिसावी मुलाखत

ज्या दोन देशांत युद्ध होणं अशक्य असल्याचं केतकीने पीएचडीच्या चारशे पानी प्रबंधात सिद्ध केलं होतं, त्यांच्यात नेमकं तिच्या व्हायव्हाच्या सकाळी युद्ध पेटलं.

तिने चाळीस मुलाखती घेतल्या होत्या. एकोणचाळीस प्राध्यापक आणि निवृत्त राजदूत शांततेबद्दल छातीठोकपणे बोलले होते. चाळिसावा होता सीमेवरच्या गावातला बेकरीवाला. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला होता, “महिनाभर छावणीत दुप्पट पाव जातोय, पोरी. लढाई होणार.” गाइडनी ती मुलाखत गाळायला लावली होती. “पाव मोजून परराष्ट्र धोरण कळतं का? अपवाद म्हणून सोडून दे.”

युद्धाची बातमी ऐकूनही गाइड डगमगले नाहीत. “शीर्षकात ‘गेल्या वर्षापर्यंत’ एवढं घाल. कालमर्यादा आखली की निष्कर्ष चुकत नाही.”

परीक्षकांनी त्या काटेकोर कालमर्यादेचं खास कौतुक करून तिला डॉक्टर केलं. पेढा तोंडात टाकत गाइड म्हणाले, “पावावरून युद्धाचा अंदाज, ही नवी संशोधन पद्धत आहे. मी पेपर काढतो, तुझंही नाव घालतो. त्या बेकरीवाल्याला फोन लाव बघू.”

केतकी सकाळपासून तोच नंबर लावत होती. लागत नव्हता.