छान आहे हं!

आमच्या कचेरीत डबा खाताना कुणी कौतुक करत नाही. शेजारच्या टेबलावरचे घोरपडे माझ्या आमटीला धुण्याचं पाणी म्हणतात आणि तीनदा वाढून घेतात. ‘छान’ हा शब्द आम्ही तपासणीला आलेल्या साहेबांसाठी राखून ठेवलाय.

नागपूरहून बदलून आलेल्या गावंडे मॅडम रोज काहीतरी करून आणायच्या. आम्ही घासभर खाऊन म्हणायचो, “छान आहे हं!” त्याचा अर्थ त्यांना थोड्याच दिवसांत कळला आणि त्या परत जाण्याची चौकशी करू लागल्या.

आज त्यांनी गोळाभात आणला. घोरपड्यांनी भातातला डाळीचा गोळा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला.

“मॅडम, हे गोळे भातातले की गोफणीतले?”

मॅडमनी डबा स्वतःकडे ओढला. “दातांना झेपत नसेल तर राहू द्या, भाऊ.”

“पडले दात तर पडू देत,” म्हणत घोरपड्यांनी आणखी चार गोळे उचलले. मग प्रत्येकाने वाढून घेत एकेक खोड काढली.

जेवणानंतर मॅडम जिन्यात फोनवर बोलत होत्या. “आवडला म्हणजे काय, आई! सगळ्यांनी नावं ठेवली.”