कडीसाठी प्रार्थना

मुलींच्या शौचालयाची आतली कडी तुटल्याचा अर्ज मी जूनमध्ये दिला. हेडमिस्ट्रेस सिस्टरांनी तो सकाळच्या प्रार्थनेच्या यादीत घातला. तेव्हापासून कुणाची आजारी आजी, चौथीची परीक्षा आणि ही कडी, यांच्यासाठी तीनशे मुलं रोज 'आमेन' म्हणतात. काल मी इतवारीच्या बाजारातून नवी कडी आणली. "शाळेच्या दाराला परस्पर हात लावू नका, मॅडम. मंजुरी येईपर्यंत प्रार्थना करू," सिस्टर म्हणाल्या. कडी माझ्या पर्समध्येच राहिली. तिसरीतली पायल 'आमेन' झालं की रोज पळत जाऊन ते दार बघायची आणि वर्गात येऊन मानेनंच 'नाही' सांगायची. आज ती थेट बाकावर बसली. "काय गं, आज पाहून नाही आलीस?" "आता कडी नाही लागली तरी चालते, मॅम," ती म्हणाली. "आम्ही साऱ्या पोरी शाळेत पाणीच नाही पिऊन राहिलो ना."