बुजवलेली भोकं

गोवा घटकराज्य झालं, तरी श्रीनाथचं विमान काही जमीन सोडीना. एके काळी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरलेलं ते लाकडा-कापडाचं जुनं विमान तो सात वर्षं चोपडे गावी, नदीकाठच्या मांगराच्या छपराखाली दुरुस्त करत होता. हाताशी होड्या बांधणारा सगुण मेस्त. आज पंखाखालून हात फिरवला आणि श्रीनाथचं डोकंच फिरलं. आत साचलेलं पाणी निथळावं म्हणून ठेवलेली बारीक भोकं सगुणने राळ भरून एकूणएक बुजवली होती.

"मेल्या, आतलं लाकूड कुजेल ना! विमान आहे हे, होडी नव्हे. किती वेळा सांगायचं?"

सगुण खाली मान घालून हाताची राळ पुसत राहिला.

"ठाऊक आहे, बाब. मुद्दामच बुजवली."

"मुद्दाम?"

"हे उडायचं नाही, ते मला पहिल्याच वर्षी कळलं. पण तुम्ही त्यात बसल्याशिवाय राहायचे नाहीत. समोर नदी. निदान तरंगायला तरी नको? तुम्हाला पोहता कुठे येतं?"