बाळाचा फोटो

या, जवळ सरकून बसा, मायबापहो. मागचेही पुढं या. गोष्ट एका तान्ह्या पोरीची आहे. मोठ्याने सांगितली तर ती उठून बसेल.

फोटोच्या दुकानात तिने असा सूर लावला होता की खालच्या चहावाल्याने दोनदा वर डोकावून पाहिलं.

बाप एका कोपऱ्यात कानात बोट घालून फोनवर बोलत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत. पलीकडे सल्लागार बाई होत्या. परदेशी कायमचं जायचा त्याचा अर्ज त्याच बघत होत्या. अर्ज भरला तेव्हा नाव त्याच्या एकट्याचं होतं. आधी आपण जाऊ, बस्तान बसवू, मग बायकोला बोलावू, असा बेत होता. मधल्या काळात घरात बाळ आलं आणि बेत बदलला. आता तिघंही बरोबरच जायचं.

"तुमच्या बायकोचं सगळं झालं," बाई सांगत होत्या. "लग्नाचा दाखला चढवला, बाळाचे कोर्टाचे कागदही चढवले. बाळाचा फोटो तेवढा अडलाय. दोनदा परत आला. आज ऑफिस बंद व्हायच्या आत गेला नाही, तर बाळाचं नाव अर्जात येत नाही. आणि एकदा निर्णय लागला की मागाहून घालता येत नाही."

"म्हणजे आम्ही दोघं तिकडे आणि बाळ इकडे?"

"तेच किती दिवस सांगतेय मी."

लिफ्टवाल्याची बायको, थोरली, बाळाला खांद्यावर थोपटत येरझाऱ्या घालत होती. नवरा काय बोलतोय ते तिला ऐकू येत होतं. तिचा चेहरा उतरला.

बाकावर तिची बहीण बसली होती. तिला घरात धाकटीच म्हणत. जिना चढून आल्यापासून ती भिंतीला टेकून होती. ती म्हणाली, "नाही गेला फोटो तर नाही गेला. बाळ राहील माझ्याकडे. मी काय मेले नाहीये."

"तोंड सांभाळ गं!" थोरली एकदम कडाडली. मग स्वतःच ओशाळली. "तसं नाही… पण असलं अभद्र बोलू नकोस आज."

धाकटी हसली. "बरं, नाही बोलत."

फोटोवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. "भांडण नंतर करा. पहिल्या फोटोत हात दिसला, दुसऱ्यात डोळे मिटलेले. नियमच तसा आहे. बाळ एकटं दिसलं पाहिजे, मागे पांढरं, डोळे उघडे, नजर समोर. आता मान न धरणारं पोर एकटं बसणार कसं, हे त्या साहेबांना कोण विचारणार?"

"मग करायचं काय?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"त्याला एक युक्ती आहे. एकाने खुर्चीवर बसायचं, वरून पांढरं कापड घ्यायचं, अगदी डोक्यापासून. आतून हातांनी बाळाला धरायचं. फोटोत माणूस नाहीच, नुसतं बाळ. चला, आईला बसवा."

थोरली पुढे झाली. फोटोवाल्याने कापड पांघरलं. बाळाने पाठीची कमान केली आणि जीव खाऊन ओरडलं.

"वहिनी, पोर आहे, काचेचं भांडं नाही. जरा सैल धरा," फोटोवाला म्हणाला. "पहिलंच दिसतंय."

"हो," कापडाखालून बारीक आवाज आला. कापड हलायला लागलं. थोरली आत रडत होती.

लिफ्टवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. खाली मान घातली. मग धाकटीकडे पाहिलं.

धाकटी बाकाची कड धरून उठली. "ऊठ ताई. मी बसते."

थोरलीने कापड बाजूला केलं. दोघी बहिणी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. "तुला जमेल?" थोरलीने विचारलं.

"न जमायला काय झालं?"

धाकटी बसली, कापड डोक्यावरून ओढलं. बाळ तिच्या मांडीवर आलं आणि बटण दाबावं तसं गप्प झालं.

"वा! मावशीचा हात सवयीचा आहे," फोटोवाला म्हणाला.

"घरी दोन आहेत माझी. शाळेत जातात." आवाज कापडातून आला.

पण आता नवीनच पंचाईत. बाळ सुखावलं आणि त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. फोटोवाल्याने किल्ल्या वाजवल्या. चुटक्या वाजवल्या. लिफ्टवाल्याने मांजराचा आवाज काढला. चहावाला पुन्हा डोकावून गेला. बाळ ढिम्म.

मग कापड बोललं. अगदी हळू.

"ए राणी. ऊठ."

बाळाने डोळे उघडले आणि मान वळवून आवाजाकडे, कापडाकडे बघायला लागलं.

"इकडे नको बघूस. इकडे काही नाही. समोर बघ. आई उभी आहे बघ समोर."

कॅमेऱ्याशेजारी थोरली उभी होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून. बाळाने तिच्याकडे पाहिलं. डोळे टक्क उघडे, नजर सरळ.

खटकन आवाज झाला.

फोटो गेला. बाईंचा फोन आला: "चालला. बाळाचं नाव चढलं!" लिफ्टवाला मटकन बाकावर बसला. थोरलीने बाळाला छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच ते रडलं नाही. खाली उतरल्यावर चहावाल्याने तिघांच्या प्रवासाच्या आनंदात चहा पाजला. धाकटी मागून येते म्हणाली, ती बराच वेळ आली नाही.

पुढे तिघंही सुखरूप गेली, मायबापहो. आता घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या तिघांसाठी काही मागू नका, त्यांना सगळं मिळालं. ते बाळ नऊ महिने पोटात वाढवून बहिणीच्या ओटीत घालणाऱ्या धाकटीची तेवढी आठवण ठेवा.