जुळत नाही

"तुमचं सगळं जुळतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी दार लावून घेतलं. "रक्तगट, यकृताचा आकार, सगळं. आता फक्त तुम्हाला विचारायचं राहिलंय."

मधल्यानं तळहात पँटला पुसले. तो आणि थोरला मिळून काचेचं दुकान चालवायचे. दोघांचं उभं आयुष्य एकाच टेबलावर काचा कापण्यात गेलं होतं. धारेचं त्याला कधी भय वाटलं नव्हतं.

"त्यात विचारायचं काय? सख्खा भाऊ आहे माझा."

"म्हणूनच विचारते. सख्ख्या भावाला तोंडावर नाही म्हणवत नाही कुणाला." बाई समोर बसल्या. "तुमचं निम्म्याहून जास्त यकृत काढावं लागेल. ते पुन्हा वाढतं. देणारे बहुतेक जण धडधाकट घरी जातात. बहुतेक जण. सगळे, असं मी म्हणत नाही."

"औषधानं नाही का भागणार?"

"आता नाही. पोटात पाणी भरतंय. यकृत गाळत नाही ते विष डोक्यात चढतंय. काल त्यांना बायकोचं नाव आठवेना."

"पण तो थेंबाला शिवला नाही हो कधी!"

"दारूच लागते असं कुठंय? जुन्या काविळीचा विषाणू रक्तात दबा धरून बसतो. माणूस हिंडतो-फिरतो, काम करतो, आणि आत यकृत दगड होत जातं."

मधल्याला सगळं आठवलं. थोरल्याचे हात थरथरायला लागले, चांगल्या काचा तडकायला लागल्या, दिवसा खुर्चीत डुलक्या आणि रात्री टक्क जाग, तेव्हा गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. एकदा यानंही पट्टी मागायच्या निमित्तानं जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला होता. मग एका सकाळी गिऱ्हाइकासाठी मोठा आरसा दोघांनी उभा धरला, आणि आरशातल्या थोरल्याचे डोळे पिवळेजर्द दिसले.

"तुम्हाला मनापासून द्यायचंय का?" बाईंनी आवाज खाली आणला. "इथं तुमच्या-माझ्याशिवाय कुणी नाही. नको असेल तर नको म्हणा. बाहेर मी एवढंच सांगेन, की यांचं चालणार नाही. कारण आम्ही कुणालाच सांगत नाही."

घरून निघताना त्याचं सगळं ठरलेलं होतं. हो म्हणायलाच त्यानं तोंड उघडलं.

"खरंच कुणाला कळणार नाही?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

बाहेर बाकावर आई, वहिनी आणि धाकटी बहीण एकमेकींना खेटून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी कबूल केल्याप्रमाणे एका वाक्यात सांगितलं. वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. पण मग तिचं मधल्याकडे लक्ष गेलं.

"भावोजी, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुम्ही तयार झालात, त्यातच सगळं आलं." तिनं उठून त्याला स्वतःची जागा दिली.

तो बसला. आईनं त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं. "तुझा काय दोष रे बाळा? तू तर जीव द्यायला निघाला होतास."

त्याला मान हलवता येईना. मग त्याला रडू फुटलं, आणि त्याच्यासाठी पाण्याची बाटली उघडायला धावली ती वहिनीच.

"मग माझं बघा," धाकटी म्हणाली.

"तू गप बस," आई एकदम उसळली. "तुझं लेकरू अजून रांगतंय."

"रांगू दे की. त्याला बाप आहे, आजी आहे. दादाला आता कोण आहे?"

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मधल्याकडे एकदा पाहिलं. फार वेळ नाही, एकदाच. अजून वेळ होता. माझं चालतंय, एवढं म्हणायचं होतं. शब्द पार ओठांपर्यंत आले. पण वहिनीचा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता, आणि तो फिरत असताना ते कसं बोलावं हे त्याला कळेना. त्यानं बाटली तोंडाला लावली आणि उरलेलं पाणी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकलं.

"या मग," बाई धाकटीला म्हणाल्या.

ती उठली. दोन पावलं गेली, पुन्हा मागे आली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"भाऊ, तुला भीती वाटली होती का रे?"

तो नाही म्हणणार होता. "हो," म्हणाला.

"मलापण वाटतेय. बघ, हात कसा गार पडलाय." तिनं तो त्याच्या हातात दिला. "आईला सांगू नकोस हं."

त्यानं तो हात घट्ट धरला. तिनं सोडवून घ्यायला पाहिलं, तरी त्याची बोटं सुटेनात.

"सोड ना रे," ती हसत म्हणाली. "दादा थांबलाय."